बेंगळूरच्या तंत्रज्ञान पत्रकारांना मेल कसा लिहावा? साठ पाठवले, उत्तर एकाचंही नाही

टिळकवाडीची

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत जनसंपर्काचं काम बघते. रुजू होऊन आठ महिने झाले. आमचं उपकरण फाउंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यासाठी आहे. साच्याच्या वाळूतला ओलावा ते सतत मोजतं आणि पाणी कमीजास्त झालं की ऑपरेटरच्या मोबाइलवर कळवतं. गेल्या महिन्यात नवं मॉडेल आलं. मी प्रेस नोट केली, बेंगळूर-मुंबईच्या तंत्रज्ञान पत्रकारांचे पत्ते जमवले आणि साठ जणांना एकदम मेल टाकला. विषय असा होता: "औद्योगिक क्षेत्रात क्रांती घडवणारे एआय-आधारित आयओटी सोल्यूशन सादर".

उत्तर नाही. तीन दिवसांनी तोच मेल पुन्हा पाठवला, तरी नाही. मालक म्हणतात, बेळगावचं कोण छापणार. मला ते पटत नाही, कारण उपकरण खरंच चांगलं आहे. एजन्सी लावायला पैसे नाहीत. माझं चुकतंय कुठं, ते स्पष्ट सांगा.

शहापूरकर_माजी_वार्ताहर

ताई, मी नऊ वर्षं बेंगळुरात तंत्रज्ञानाच्या बातम्या केल्या, आता परत गावी आहे. आधी मालकांच्या बोलण्याबद्दल. बेळगाव जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानांचे सुटे भाग तयार होतात, त्याच्या बातम्या देशभरच्या दैनिकांनी केल्या आहेत. तेव्हा बेळगाव आडवं येत नाही. तुमचा विषय आडवा आला.

मला रोज शंभराच्या वर मेल यायचे. मोबाइलवर विषयाचे पहिले पाच-सहा शब्द दिसतात. तुमच्या विषयातल्या तेवढ्या शब्दांत वाळू नाही, फाउंड्री नाही, बेळगावही नाही. "क्रांती" आणि "एआय-आधारित" तर प्रत्येक मेलात असायचं.

दुसरं, साठ जण. तंत्रज्ञान पत्रकार म्हणजे एकच जात नव्हे. कोणी फक्त स्टार्टअपच्या गुंतवणुकीवर लिहितं, कोणी मोबाइल वापरून बघतं, कोणी आयटी कंपन्यांचे तिमाही निकाल, कोणी सरकारी धोरण. तुमचा माणूस म्हणजे कारखाने, लघुउद्योग, ऑटोमेशन यांवर लिहिणारा. असे देशात थोडे आहेत. त्यांचे गेल्या तीन महिन्यांतले लेख वाचा, पाच नावं निघाली तरी भरपूर. २००७ साली वायर्ड मासिकाचे तेव्हाचे संपादक क्रिस अँडरसन यांनी, कोण काय लिहितं ते न बघता मेल टाकणाऱ्या जनसंपर्कवाल्यांचे पत्तेच ब्लॉगवर जाहीर केले होते आणि हे सगळे मी बंद केलेत असं लिहिलं होतं. जाहीर कोणी करत नसेल, पण बंद सगळेच करतात. तोच मेल दोनदा पाठवला की लवकर करतात.

आता खरी गोष्ट. तुमच्याकडे बातमी आहे, ती प्रेस नोटेत नाही. माझे मामा फाउंड्रीत होते. सकाळी वाळू मुठीत घट्ट दाबायचे, मूठ उघडायचे, बोटांचे ठसे कसे उठले आणि गोळा मोडला तर कसा मोडतो ते बघायचे, मग पाणी वाढवायला किंवा थांबवायला सांगायचे. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे माती-पाणी मिसळलेल्या साच्याच्या वाळूत, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो. जास्त झाला की तापलेला धातू आत गेल्यावर वाफ होते, कास्टिंगमध्ये (ओतून केलेल्या भागात) ब्लोहोल म्हणजे वायूच्या पोकळ्या पडतात. कमी झाला की साचाच ढासळतो, वाळू कास्टिंगमध्ये शिरते. आणि वाईट हे की पुष्कळदा तो दोष पुढे मशिनिंग करताना, म्हणजे भाग यंत्रावर कापताना-घासताना बाहेर येतो. तोवर वीज, मजुरी, मशीनचा वेळ, सगळं खर्ची पडलेलं असतं. मूठ दाबून पाणी ठरवणाऱ्या त्या माणसाच्या कामाचं तुमच्या उपकरणाने काय केलं, हे मला वाचायचंय. वार्ताहरालाही हेच लिहायचं असतं, कारण हे त्याच्या वाचकाला समजतं.

त्याला बोलायला कोण देणार? एमडींचं "आम्हाला अभिमान वाटतो" छाप वाक्य कोणी वापरत नाही. उपकरण बनवणारा इंजिनिअर द्या आणि ते विकत घेतलेला फाउंड्रीवाला द्या, स्वतःच्या नावानिशी बोलणारा. तो मिळत नसेल तर मेल थांबवा, आधी तो मिळवा.

उद्यमबाग_फाउंड्री

आमच्यात असं एक उपकरण बसवलंय, तुमचंच आहे की दुसऱ्याचं ते इथं नको. बोलायला अडचण नाही. पण आमच्या मोठ्या गिऱ्हाइकांशी गुप्ततेचा करार असतो. कास्टिंग कुणाचं, ड्रॉइंग कसलं, हे फोटोत दिसता कामा नये. म्हणून वार्ताहराला शब्द द्यायच्या आधी आम्हाला विचारा. आणि मोल्डिंगची, म्हणजे साचे करायची पाळी चालू असताना आणा. बंद शॉपमध्ये बघायला काय आहे? बेंगळूरहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री बसलं की सकाळी बेळगाव.

निपाणी_ते_पुणे

मी पुण्यात हेच काम करते. शहापूरकर दादांनी मुख्य ते सांगितलंच, मी एम्बार्गोबद्दल लिहिते, कारण नवीन लोक तिथं फसतात. मेलच्या डोक्यावर "अमुक तारखेपर्यंत छापू नये" लिहिलं म्हणजे समोरचा बांधला जात नाही. आधी दोन ओळींत विचारायचं, तारीख मान्य आहे का. हो आलं की मगच मजकूर. टेकक्रंच या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळाच्या मायकल आरिंग्टननी तर २००८ च्या डिसेंबरात जाहीरच केलं होतं की यापुढे एम्बार्गो मोडू. तेव्हा कबुली लेखी घ्या.

एक्सक्लुझिव्ह हा शब्दही जपून. मी पहिल्या वर्षी एकच बातमी दोघांना "फक्त तुम्हालाच" म्हणून दिली. दोघांनी एकाच सकाळी छापली. त्यातल्या एका बाईंनी त्यानंतर चार वर्षं माझा फोन घेतला नाही आणि त्यांचं बरोबर होतं. अजूनही आठवलं की वाईट वाटतं.

आठवण करायची तर एकदाच, चार-पाच दिवसांनी, आणि काहीतरी नवीन घेऊन: नवा आकडा, नवा माणूस, फोटो. ओळख नसताना व्हॉट्सॲप नको. छापायच्या आधी लेख दाखवा असं कधीही म्हणू नका.

गणपत_गल्ली_डेस्क

बेंगळूरकडे बघताना घरचं विसरू नका. बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली तरुण भारत काढला, तेव्हापासून या भागाला मराठी वर्तमानपत्राची सवय आहे. फाउंड्रीवाले तुमचं गिऱ्हाईक, आणि ते सकाळी चहाबरोबर स्थानिक पान आधी उघडतात.

आमच्या डेस्कवर बसून सांगतो. इंग्रजी प्रेस नोटेचं यंत्राने केलेलं मराठी आलं की आम्हाला ती पुन्हा लिहावी लागते, आणि संध्याकाळी तेवढा वेळ नसतो. मजकूर युनिकोडमध्ये, मेलातच. पीडीएफ नको. फोटो वर्ड फाइलमध्ये चिकटवू नका, वेगळी जेपीजी मूळ आकारात जोडा, खाली डावीकडून नावं. दुपारी चारच्या आत. कन्नड दैनिकांसाठी कन्नड लिहिणाऱ्या माणसाकडून वेगळा मजकूर करून घ्या, त्यांनाही भाषांतराचा वास लगेच येतो.

टिळकवाडीची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळं दोनदा वाचलं. आज एका फाउंड्रीत जाऊन आले, मालक आणि त्यांचे जुने मोल्डर (साचे करणारे कारागीर) दोघंही नावानिशी बोलायला तयार झालेत. पाच पत्रकारांची यादी केली. पहिला मेल असा लिहिलाय:

विषय: बेळगावची फाउंड्री, मुठीतली वाळू आणि सेन्सर

"नमस्कार. लघुउद्योगांतल्या ऑटोमेशनवरचा तुमचा लेख वाचला, त्यात फाउंड्री नव्हती म्हणून लिहिते. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत बावीस वर्षं मुठीने वाळू पारखणारे मोल्डर आता आमच्या सेन्सरबरोबर काम करतात. कुठे सेन्सर बरोबर ठरला आणि कुठे त्यांची मूठ, हे ते स्वतः सांगतील. कास्टिंगचं रिजेक्शन बरंच कमी झालं आहे, आकडे दाखवू. पाळी चालू असताना येऊन बघता येईल, किंवा आमच्या इंजिनिअरशी फोनवर बोलता येईल."

शहापूरकर_माजी_वार्ताहर

"कुठे त्यांची मूठ" हे वाक्य वाचून मी असतो तर लगेच फोन केला असता. ते हलवू नका. "बरंच कमी" मात्र काढा, आकडा मेलातच द्या. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, आणि दोन्ही वेळी कास्टिंग तेच होतं का? सोपं कास्टिंग आलं की रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, आपोआप उतरतं, शहाणा वार्ताहर हे पहिल्यांदा विचारेल. उपकरण बेंटोनाइट (वाळू धरून ठेवणारी माती) मोजत नसेल तर तेही एका ओळीत सांगून टाका. उणीव आपण सांगितली की बाकीच्यावर विश्वास बसतो.

टिळकवाडीची

बेंटोनाइट मोजत नाही, ती ओळ आत्ताच घातली. कास्टिंग तेच होतं का, हे मी विचारलंच नव्हतं. उद्या पहिल्या पाळीला परत जाते आणि रिजेक्शनचं रजिस्टर मागते. ते हातात आल्यावरच मेल जाईल.