मदत हवी आहे: शाळेच्या मैदानासाठी प्रायोजक घेताना करारात काय लिहून घ्यावं?

आमच्या सरकारी शाळेच्या रनिंग ट्रॅकचं काम पैशांअभावी रखडलंय. देणग्या मागून झाल्या, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणीही काढली. निम्मी रक्कमसुद्धा जमली नाही. आता एक कंपनी पूर्ण खर्च उचलते म्हणतेय. बदल्यात मैदानाला 15 वर्षं तिचं नाव आणि कुंपणावर जाहिराती.

कंपनी गोड शीतपेयांची आहे, इथेच घोडं अडलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2010 च्या शिफारशींप्रमाणे असल्या उत्पादनांची जाहिरात शाळेत नसावी. फक्त नाव लावा, बाटलीचं चित्र नको, असं मी सुचवलंय (पळवाटच आहे, कबूल). जर्सीवर लोगो पालकांना मुळीच नकोय.

असा करार कुणी केलाय का? मुदत किती ठेवलीत, देखभाल कुणाकडे, आणि कंपनीने मध्येच अंग काढून घेतलं तर नाव उतरवायचा हक्क नेमक्या कोणत्या शब्दांत लिहून घेतलात?