सिक्युरिटी हुकच्या हाती काय द्यावं, नाव की वस्तू?

कृष्णाकाठ, सांगली
फाइल उघडताना लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरक्षा मॉड्यूलला विचारतो, याला जाऊ द्यायचं का? हे विचारणारं फंक्शन म्हणजे एलएसएमचा (लिनक्स सिक्युरिटी मॉड्यूल्स, अशी मॉड्यूल जोडायची कर्नलमधली चौकट) हुक. 2003 साली 2.6 कर्नलसोबत ही सोय आली. माझं ठाम मत, हुकला फाइलचं नाव देऊच नये. सिक्युरिटी_आयनोड_परमिशन बघा: आयनोड (फाइलची नाव सोडून कर्नलमधली नोंद) आणि मास्क (वाचायचं, लिहायचं की चालवायचं ते), दोनच आर्ग्युमेंट. शून्य परत आलं तर पुढे जा, ऋण एरर आली तर थांब. नावाचा भरवसा काय? हार्डलिंक केली की त्याच फाइलला दुसरं नाव. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यावर खूण असते. पोतं कुठल्याही गाळ्यात हलवा, माल कुणाचा ते कळतंच.

अजिंक्यतारा, सातारा
दादा, नाही पटलं. हळद नव्या पोत्यात ओतली की खूण गेली! पासवर्ड बदलला की शॅडो फाइल (पासवर्डचे हॅश ठेवणारी) जागच्या जागी खोडत नाहीत. शेजारी नवी लिहून तिला जुनीचं नाव देतात. आयनोड नवा, त्यावर सुरक्षेचं लेबल, म्हणजे तुमची ती खूण, चुकीचं लागलं तर अख्खं धोरण कोलमडतं. मी सर्व्हर सांभाळतो, मला 'या वाटेवरची फाइल कुणी वाचायची' एवढंच सांगायचं असतं. नुसत्या आयनोडवरून वाट उलट काढता येत नाही, कारण नावं अनेक, माउंट (फाइलसिस्टिम फोल्डरांच्या झाडाला जोडलेली जागा) अनेक. म्हणूनच 2.6.29 मध्ये पाथचे, म्हणजे वाटेचे, वेगळे हुक आले आणि 2010 मध्ये वाटेवरून नियम लावणारं ॲपआर्मर मुख्य कर्नलमध्ये आलं.

विश्रामबागकर, सांगली
तुम्ही आत काय जातं यावर भांडताय, बाहेर काय येतं तेही बघा. सेकआयडी म्हणजे सुरक्षा मॉड्यूलनं लेबलऐवजी दिलेला एकच 32 बिटी आकडा. दोन मॉड्यूल शेजारी बसवली की तो आकडा कुणाचा? शेवटी प्रत्येकाचा वेगळा रकाना असलेला स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली माहिती) आणावा लागला, कितीतरी हुकच्या सिग्नेचर (काय घ्यायचं, काय द्यायचं याची मांडणी) बदलल्या. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, असं मी म्हणते.

कृष्णाकाठ, सांगली
ताई, सेकआयडीचं बरोबर. शॅडोचंही मान्य. पण दादा, पाथच्या हुकलाही कोरी स्ट्रिंग मिळत नाही. माउंट आणि डेन्ट्री (नाव आणि आयनोड जोडणारी नोंद) असलेला स्ट्रक्ट पाथ मिळतो, कर्नलनं आधीच शोधून ठेवलेला. यूजरच्या मेमरीतलं नाव हुकनं पुन्हा वाचलं असतं, तर तपासणी आणि वापर यांच्या फटीत दुसऱ्या थ्रेडनं ते बदललं असतं. म्हणजे तिथंही वस्तूच दिलीय.

अजिंक्यतारा, सातारा
स्ट्रिंग मीही मागत नाही. मग आयनोड_परमिशनला माउंट का देत नाही? माझी मागणी तेवढीच आहे.