मोझार्ट लावला की पोर हुशार होतं म्हणे

काळी चार:
काल 'सकारात्मक सूर' यांनी टाकलेला मजकूर वाचला आणि तंबोरा गवसणीत परत ठेवून लिहायला बसले. ज्यांच्या नजरेतून सुटला असेल त्यांच्यासाठी: बाळाला रोज मोझार्ट ऐकवा, बुद्ध्यांक ९ अंकांनी वाढतो. पोटावर हेडफोन लावलात तर जन्माआधीपासूनच वाढतो. आणि संगीत ४३२ हर्ट्झचं असेल तर पेशीसुद्धा दुरुस्त होतात. खाली जोडलेल्या हातांची ही रांग.

मी २६ वर्षं गाणं शिकवते आहे. पूर्वी पालक विचारायचे, "गळा आहे का हो हिला?" आता विचारतात, "गणित सुधारेल ना?" तो प्रश्न असल्या मजकुरांतूनच जन्माला येतो, म्हणून हा संताप.

त्या ९ अंकांचं मूळ १९९३ सालच्या 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आहे. फ्रान्सिस रॉशर आणि सहकाऱ्यांचा छोटासा लेख. ३६ जण, सगळे कॉलेजातले. बाळ एकही नाही. त्यांना १० मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा ऐकवला आणि मग घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, या जातीची कोडी घातली. गुण वाढले, आणि पंधरा मिनिटांत ती वाढ ओसरलीही. संपला प्रयोग. पण १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची सीडी देण्यासाठी १ लाख ५ हजार डॉलर मागितले आणि गाडी जी सुटली ती सुटलीच. नंतर इतरांनी करून पाहिलं, तर नुसती गोष्ट वाचून दाखवली तरी ज्यांना गोष्ट आवडली त्यांचेही गुण तसेच वाढले. संथ, उदास रचना लावली तर वाढलेच नाहीत. म्हणजे करामत मोझार्टची नव्हती, मन तरतरीत होण्याची होती.

४३२ वर जास्त शब्द खर्च करत नाही. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. सेकंद माणसाने ठरवला, पेशींना त्याची वार्ता नाही. ४४० हा आकडा (पाश्चात्य वाद्यांचा 'ए' हा सूर सहसा त्यावर लावतात, ४३२वाले तो थोडा खाली उतरवतात) १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरला तो वाद्यं एकमेकांशी जुळावीत म्हणून. माझा सा पेटीच्या काळी चार पट्टीला लागतो, शेजारच्या वर्गातल्या सरांचा पांढरी दोनला. आमच्यापैकी नादुरुस्त कोण, ते सांगा.

सकारात्मक सूर:
ताई, रियाजच केला असतात तर बरं झालं असतं. मी कुणाकडून पैसे मागितले नाहीत, चार चांगल्या गोष्टी सांगितल्या. माझी मुलगी पोटात असताना आम्ही रोज संध्याकाळी संगीत लावायचो. आज ती वर्गात पहिली येते. प्रयोगशाळेने शिक्का मारला नाही म्हणजे अनुभव खोटा होत नाही.

तिरकस:
आणि दुसरी येते तिच्या आईने काय लावलं होतं?

काळी चार:
सूर साहेब, अनुभव खोटा म्हणत नाही, कारण चुकीचं लावताय म्हणते. पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू येतं, हे खरंच आहे. पण बाहेरून येणारे वरचे सूर वाटेतच गाळले जातात. सगळ्यांत ठळक पोचतो तो आईचा आवाज. १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी नवजात बाळांच्या तोंडात चोखणी दिली. विशिष्ट लयीत चोखलं की आईचा आवाज, वेगळ्या लयीत चोखलं की दुसऱ्या बाईचा. तीन दिवसांच्या आतली पोरं, पण आईचा आवाज यावा म्हणून चोखण्याची लय बदलायची! हेडफोन कशाला हवेत? बोला, गुणगुणा.

दोन पिल्लांचा बाबा:
ऐकण्याचं सोडा, पण शिकण्याचा फायदा तुम्ही नाकारू शकत नाही. १९९५ सालचं संशोधन आहे: सात वर्षांच्या आत वाद्य शिकायला लागलेल्यांच्या मेंदूत डाव्या-उजव्या बाजूंना जोडणाऱ्या पट्ट्याचा पुढचा भाग जास्त मोठा होता. त्याच वर्षी दुसऱ्या संशोधनात तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत जास्त जागा मिळालेली दिसली. २००४ साली ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर प्रयोग केला, संगीत शिकणाऱ्यांचा बुद्ध्यांक बाकीच्यांपेक्षा जास्त वाढला. मी दोन्ही मुलांना क्लासला घातलंय आणि त्याबद्दल मला इथे अपराधी वाटून घ्यायचं नाही.

तिरकस:
शेलेनबर्गच्या प्रयोगात फरक तीनहून कमी अंकांचा होता, तो आकडा तुम्ही सोयीस्कर गाळलात. आणि नाटक शिकणाऱ्या गटाची चार माणसांत वागण्याची रीत सुधारली, संगीतवाल्यांची नाही. मग नाटकाच्या क्लासला का नाही घातलंत? २०२० साली साला आणि गोबे यांनी ५४ अभ्यास, सुमारे ७ हजार मुलं एकत्र घेऊन तपासलं. जिथे प्रयोग नीट आखला होता तिथे फायदा शून्याजवळ. बोटांना मेंदूत जागा मिळते, मान्य. रोज जे घासाल त्याला मेंदू जागा देतो. त्यातून भागाकार येत नाही.

दोन पिल्लांचा बाबा:
मोठी घाबरट होती. आता पंचवीस जणांसमोर उभी राहून वाजवते. हे कुठल्या अंकात मोजणार?

काळी चार:
हे! हे बोला ना आधीच. पहिल्याच वाक्यात हे सांगितलं असतंत तर मी तुमच्या बाजूने भांडले असते.

कानावर हात:
विषय निघालाच आहे तर. फोनचा स्पीकर पूर्ण वाढवून प्रवासात गाणी लावणाऱ्यांच्या मेंदूवर कुणी संशोधन केलंय का? ८५ डेसिबलला ८ तास ही कामाच्या ठिकाणी सुचवलेली मर्यादा, त्यापुढे वाढणाऱ्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. हिशेब करा. इयरफोन नावाची वस्तू निघाली आहे म्हणून कळवावं.

तिरकस:
तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता.

कानावर हात:
कारण प्रत्येक प्रवासात हेच होतं.

बिनसुरी:
शिव्या पडणार हे धरूनच लिहितो. मला संगीत आवडत नाही. कुठलंच नाही. बेसूर कळतं, चाल ओळखता येते, कानांची तपासणी झाली आहे. पण आत काही होत नाही. तुम्ही सगळे मेंदूवर काय परिणाम होतो म्हणून भांडताय, माझ्यावर होतच नाही.

सकारात्मक सूर:
असं होऊच शकत नाही. तुम्ही योग्य संगीत ऐकलंच नाही. मी यादी पाठवतो.

गुणगुण:
दगडालाही पाझर फुटतो हो. लहानपणी काही मनाला लागलं असेल का?

बिनसुरी:
हेच. ४१ वर्षांचा आहे, या वाक्याची वाट पाहत बसलो होतो. गेल्या वर्षी बायकोने माझ्या वाढदिवसाला मैफिलीचं तिकीट काढलं, मोठ्या हौसेने. अडीच तास. छताला ४८ दिवे होते, सहा रांगा, आठ-आठचे. दोनदा मोजले, कारण तिसऱ्या रांगेतला एक बंद होता आणि पहिल्यांदा तो धरला नव्हता. शेजारचे गृहस्थ डोळे पुसत होते. बायको दर दहा मिनिटांनी माझ्याकडे बघायची, मी मान डोलवायचो. घरी आल्यावर म्हणाली, "तुला काहीच झालं नाही ना?" ते कशाने कळलं, विचारलं, तर म्हणाली, "मान ठेक्यात नव्हती."

अर्धविराम:
याला नाव आहे, 'म्युझिकल अॅनहिडोनिया', म्हणजे संगीताचा आनंद न होणं, आणि हे मुरडलेलं मन वगैरे काही नाही. २०१४ साली बार्सिलोनाच्या संशोधकांनी ३० जण घेतले. त्यांतल्या दहांना संगीताचा आनंद होत नसे. पैसे जिंकण्याच्या खेळात त्या दहांची छाती इतरांसारखीच धडधडली, संगीताला मात्र त्वचा-नाडी ढिम्म. शंभरात तीन ते पाच माणसं अशी असावीत, असा अंदाज आहे. म्हणजे आनंदाचं यंत्र शाबूत, फक्त कानापासून तिथवरची वाट कच्ची.

सकारात्मक सूर:
सगळ्यालाच आजार ठरवायची फॅशन.

अर्धविराम:
आजार कोण म्हणालं? यादी पाठवून बरं करायला तुम्ही निघालात, मी नाही.

गुणगुण:
पण कीव येते हो. इतका मोठा आनंद हुकतोय.

बिनसुरी:
मला तुमची येते. डोक्यात गाणं अडकतं म्हणता ना तुम्ही, दिवसभर एकच ओळ? ते मला कधी झालेलं नाही. कधीच नाही.

काळी चार:
...हे मात्र हेवा वाटण्यासारखं आहे. परवापासून एक जाहिरातीची धून सुटत नाहीये. शिकवतानासुद्धा आत तीच.

तिरकस:
च्युइंगगम चघळा. थट्टा नाही, २०१५ चा प्रयोग आहे. मनातल्या मनात गाताना जबडा-जीभ चालवणारी यंत्रणाच कामाला लागते, तिला दुसऱ्या कामाला जुंपायचं.

अर्धविराम:
मूळ मुद्द्याकडे येते. संगीताने काही होत नाही असा सूर इथे लागतोय म्हणून. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला, मेंदूच्या डाव्या बाजूचा. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, शब्द फुटायचा नाही. 'पाणी' म्हणायचं असलं की ओठ प-प-प करायचे आणि मग रागाने भिंतीवर मूठ. नवव्या दिवशी मी चादर बदलताना सवयीने काहीतरी गुणगुणत होते. मागून पुढची ओळ आली. शब्दासकट, स्पष्ट. मी चादर हातात घेऊन तशीच उभी.

तिरकस:
याचं स्पष्टीकरण आहे. पाठ असलेलं गाणं, एक ते दहा आकडे, शिव्या, हे सगळं तोंडवळणी पडलेलं असतं, ते टिकतं. मनातलं सांगणं वेगळं. गाता आलं म्हणजे बोलता आलं नव्हे. भावनेच्या भरात लोक नेमकं इथेच घसरतात.

अर्धविराम:
तुम्ही त्या खोलीत नव्हता. आणि मला घसरणं शिकवू नका, मी पुढचे सात महिने रोज दोन तास तिथे बसले आहे. पहिलं गाणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. बाईंनी, म्हणजे वाचा-उपचार करणाऱ्यांनी, मग दोन सुरांत म्हणायला लावलं: पा खाली, णी वर. प्रत्येक अक्षराला वडिलांच्या डाव्या हातावर एक टिचकी. १९७३ पासूनची पद्धत आहे. 'पाणी हवं' ला पाच आठवडे लागले. मग सूर हळूहळू काढून घेतला, टिचकी राहिली. शेवटी तीही गेली. चार-पाच शब्दांची वाक्यं बोलायचे, त्याहून पुढे नाही गेले. पण त्यातलं एक 'मला एकटं सोड' होतं, आणि ते पाठ असलेलं गाणं नव्हतं.

तिरकस:
ठीक. मागे घेतो.
(अर्धं. २०११ साली जर्मन रुग्णांवर केलेल्या अभ्यासात सुरापेक्षा ठेक्याचा वाटा मोठा दिसला होता. तुमची टिचकी सूर गेल्यावरही राहिली, तेही त्याला धरूनच आहे. आणि फिनलंडमध्ये २००८ साली पक्षाघातानंतर दोन महिने रोज आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता, गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली होती. हे मी आधी लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण सूर साहेब लगेच कापून चिकटवतील.)

सकारात्मक सूर:
कापून चिकटवलं. धन्यवाद.

काळी चार:
४३२ सकट?

सकारात्मक सूर:
४३२ काढलं. मोझार्ट राहू दे, ऐकायला छान आहे.

काळी चार:
ऐकायला छान आहे म्हणून ठेवत असाल तर माझं काही भांडण नाही.

गुणगुण:
बिनसुरी, मला अजूनही वाटतं तुम्ही एकदा प्रत्यक्ष समोर बसून, अगदी जवळून ऐकून बघा.

बिनसुरी:
पहिली रांग होती, बाई.

काळी चार:
बिनसुरी, शनिवारी माझ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे. इथल्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. तुम्हाला नाही.

बिनसुरी:
मनापासून आभार. इतकं सौजन्य आजवर कुणी दाखवलं नव्हतं.