मदत हवी आहे: डोळ्यांच्या शिबिरात 'फोटो अस्पष्ट' आलं म्हणजे डोळा चांगला समजायचा का?

नमस्कार मंडळी. मी कुडाळ तालुक्यातला. बाबा ६४ वर्षांचे, १४ वर्षं मधुमेह. भजनी बुवा आहेत, डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) अजून रात्रभर पेटीवर बसतात.

गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात डोळ्यांचं शिबिर झालं. मंडळाच्या पोरांनीच घरोघर फिरून माणसं आणली. मोबाईल जोडलेला छोटा कॅमेरा होता. डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब न घालता आतल्या पडद्याचा फोटो घेतात आणि मधुमेहाने काही बिघडलंय का ते कॉम्प्युटर लगेच सांगतो. बाबांच्या चिठ्ठीवर आलं: उजवा डोळा, नेत्रतज्ज्ञाला दाखवा. डावा डोळा, फोटो अस्पष्ट, निदान झालं नाही.

मी शेजारीच उभा होतो. उजव्याचा फोटो नारिंगी, त्यात शिरांचं जाळं, मधेमधे टाचणी टोचावी तसे लाल ठिपके आणि एका बाजूला पिवळट कण. डाव्याचा तीनदा काढला, तिन्ही वेळा काचेवर वाफ धरल्यासारखा धुरकट.

बाबांचं एकच: "झिला, माका सगळा दिसता. वहीतली अक्षरां वाचतंय मी, आणखी काय होया?"

दुसरी अडचण याहून मोठी वाटते. मंडळाच्या पोरांचं इन्स्टाग्रामवर पान आहे. बारीच्या, गजराच्या क्लिपा टाकतात, तालुक्यातली तरुण पोरं आवडीने बघतात आणि घरच्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवतात. त्याच रात्री शिबिराची रील आली: '५८ जणांची तपासणी, फक्त ७ जणांना दोष, बाकी सगळे ठणठणीत. श्री देव रवळनाथाची कृपा.' या 'बाकी'त 'अस्पष्ट' आलेले ११ जणही धरलेत! शेजारच्या काकींचे दोन्ही डोळे अस्पष्ट होते. रील बघून त्यांनी सावंतवाडीला डॉक्टरांकडे जायचं रद्द केलं. पोरांची श्रद्धा खरी आणि कळकळही खरी, म्हणून त्यांना दुखवायचं नाही. पण हे असंच सोडायचंही नाही.

अस्पष्ट म्हणजे नक्की काय? बाबांना कसं समजावू? आणि पोरांना काय लिहायला सांगू?

प्रतिसाद १

दादा, मी रत्नागिरी जिल्ह्यात अशा शिबिरांत कॅमेरा धरते. अस्पष्ट म्हणजे तपासणी झालीच नाही, एवढाच अर्थ. बाहुली बारीक असेल, मोतीबिंदू असेल, मंडपात उजेड जास्त असेल, तर फोटो धुरकट येतो. कधी डोळ्याच्या आत रक्त उतरलेलं असतं म्हणूनही येतो, त्यामुळे अस्पष्टवाल्यांना आम्ही दोषवाल्यांइतकंच आग्रहाने पुढे पाठवतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. थायलंडच्या दवाखान्यांत गूगलची अशीच यंत्रणा वापरली होती, त्याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांतल्या १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के यंत्रणेने नाकारले होते.

लाल ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना आलेले फुगे किंवा थेंबभर रक्तस्राव. पिवळे कण म्हणजे त्या वाहिन्यांतून झिरपलेली चरबी. पडद्याच्या मध्यभागाला सूज येईपर्यंत माणूस छान वाचतो, म्हणून बाबांचं म्हणणं खोटं नाही. पण वाचता येतं यावरून पडदा चांगला आहे असं ठरत नाही. आत्ता गेलात तर साखर आणि रक्तदाब आवरून, लागलंच तर लेझर किंवा इंजेक्शन देऊन नजर टिकवता येते. गेलेली नजर परत आणणं फार कठीण.

पोरांना हेही सांगा की 'दोष नाही' आलेल्या मधुमेहींनीसुद्धा दरवर्षी तपासायचं. अमेरिकेत २०१८ मध्ये डॉक्टरने फोटो न बघता निकाल देणाऱ्या पहिल्या यंत्रणेला मंजुरी मिळाली. तिच्या चाचणीतही दोष असलेल्या १०० पैकी साधारण ८७ जणच सापडले होते. शिवाय ही यंत्रं मधुमेहाचा दोष शोधायला शिकवलेली असतात. काचबिंदूची तपासणी झाली असं त्यावरून धरू नका.

प्रतिसाद २

मी मालवणचा, आमच्याही मंडळाचं असंच पान आहे. जुनी रील गुपचूप काढून टाकू नका, ज्यांनी पाहिली ते तेच धरून बसतील. नवी टाका, आणि बोलायला बुवांनाच बसवा. पोरं त्यांचं ऐकतात, म्हातारी माणसंही ऐकतात.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. काल दोन्ही फोटो बाबांसमोर ठेवले. ताईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. डाव्याचा फोटो ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्येच्यात काय दिसणाच नाय, मग मशीन तरी काय सांगतला?" शुक्रवारी नेतोय, काकीही बरोबर येतायत.

पोरांनी जराही वाद घातला नाही, उलट त्यांनाच वाईट वाटलं. नवी रील रात्री टाकली. पेटीपुढे बसून बाबा म्हणतात: "५८ जणांनी डोळे दाखवले. ७ जणांना दोष मिळालो. ११ जणांची तपासणीच झाली नाय, त्येंनी परत दाखवा. मीय जातंय." ११ जणांच्या घरी पोरं स्वतः जाणार आहेत.

ताई, एकच विचारतो. शनिवारी रात्री बारी आहे. शुक्रवारी थेंब घातले तर बाबांना वही वाचता येईल ना?

प्रतिसाद १

येईल. थेंबांचा धूसरपणा बहुतेकांचा काही तासांत उतरतो. फक्त शुक्रवारी त्यांना गाडी चालवू देऊ नका, काळा चष्मा बरोबर घ्या, आणि शिबिराची चिठ्ठी विसरू नका.