मदत हवी आहे: चीनमध्ये १ ऑक्टोबरच्या सुट्टीत सासू-सासऱ्यांसह रेल्वे प्रवास

आम्ही ग्वांगझौला राहतो. सासू-सासरे भारतातून आलेत आणि दोघांनाही शीआनचे मातीचे सैनिक बघायचेच आहेत. नवऱ्याला रजा मिळतेय ती नेमकी राष्ट्रीय दिनाच्या आठवड्यात, म्हणजे अख्खा चीन गाडीत बसतो तेव्हा.

तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात. वेगवान गाडी बघता बघता भरली. साध्या गाडीत फक्त 'विनाआसन' तिकीट दिसतंय, तेही बसण्याच्याच दरात! एक दिवसाहून जास्त प्रवास. मी एकदा तसा केलाय. दोन डब्यांच्या मधल्या जागेत घडीच्या स्टुलांवर माणसं, पोत्यांवर पोरं झोपलेली, आणि त्यातून एक काका उकळत्या पाण्याची नूडल्सची वाटी डोक्यावर धरून वाट काढतायत. मजा वाटली होती तेव्हा. पण सासऱ्यांचे गुडघे बघता तो विचारच नको.

तर प्रश्न असे. प्रतीक्षा यादीत पासपोर्टवर नाव लावलं तर ऐन सुट्टीत तिकीट लागतं का? की वुहानला एक मुक्काम करून तुकड्यांनी जावं? आणि आयत्या वेळी डब्यातल्या कर्मचाऱ्याकडून स्लीपर मिळाल्याचा कुणाचा अनुभव आहे का?

सासूबाई शाकाहारी आहेत. दशम्या, चटणी, मेतकूट घेतेय, गरम पाणी डब्यात मिळतंच. खाण्याचं बघून घेईन, जागेचं सांगा. विमान सुचवू नका, त्या आठवड्यातले दर बघून झालेत.