तेलाआधी चुंबक तपासा

‘ऑइलिंग करूनही एचएमटी जनता (चावीचं मनगटी घड्याळ) दिवसाला दहा मिनिटं पुढं जाते’ असं एकानं विचारलंय. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सरफेस ग्राइंडरवर (धातू घासून सपाट करणारं यंत्र) काम असेल तर पहिला संशय त्याच्या मॅग्नेटिक चकवर, म्हणजे धातूचा तुकडा चुंबकानं धरून ठेवणाऱ्या पाटावर. चुंबकत्वानं हेअरस्प्रिंगचे (घड्याळाची गती ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) वेढे चिकटले की स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळत सुटतं. बॅलन्सवर (त्या स्प्रिंगनं मागंपुढं डोलणारं चाक) होकायंत्र धरा. सुई थरथरली तर हेच दुखणं. डिमॅग्नेटायझरचं (चुंबकत्व उतरवायचं उपकरण) बटण दाबून ठेवून घड्याळ हळूहळू हातभर लांब न्या, मगच बटण सोडा. जवळ असताना सोडलं तर चुंबकत्व राहतंच, कधी वाढतंसुद्धा. चुंबक उतरवण्याआधी रेग्युलेटरला (वेग कमीजास्त करायची दांडी) हात लावू नका की हो! नाहीतर चुंबक उतरल्यावर तेच घड्याळ मागं पडेल. तरीही पळालं, तर वेढ्यांवर तेल गेलंय. स्प्रिंग धुवायला हवी.

ही सर्पिल हेअरस्प्रिंग डच शास्त्रज्ञ हायगेन्सची, १६७५ची. पोलादी स्प्रिंग उष्णतेनं सैलावायची. ती अडचण भौतिकशास्त्रज्ञ गियोमच्या निकेल-पोलादानं सोडवली (१९२०चं नोबेल). सिलिकॉनच्या स्प्रिंगला मात्र चुंबकाचा त्रासच नाही. जनतात अर्थातच ती नाही.