टर्बोच्या रोजच्या गाडीत कॅम बदलू नये हे माझं मत, पटत नसेल तर बोला

पालीवाला_टीजेट
माझी लिनिया टी-जेट आहे, १३६८ सीसी, कंपनीची ११४ पीएस, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) करून तीन वर्षं झाली. रोज पाली ते रत्नागिरी आणि महिन्यातनं दोनदा आंबा घाटाने कोल्हापूर. टायमिंग बेल्टची वेळ झाली म्हणून गॅरेजला गेलो तर तिथे एक ओळखीचा बसलेला, तो म्हणाला बेल्ट काढतोच आहेस तर कॅम पण टाकून घे, लेबर एकदाच जाईल, आणि मोबाईलवर २६४ डिग्रीचा सेट दाखवला. कॅम म्हणजे व्हॉल्व उघडणारा-मिटणारा उंचवट्यांचा (लोबचा) दांडा, आणि २६४ म्हणजे क्रँक तेवढे अंश फिरेपर्यंत व्हॉल्व उघडा. दोन रात्री डोक्यात तेच. तिसऱ्या रात्री वही घेऊन बसलो.

इनटेक २६४, एक्झॉस्ट २६४, लोब सेपरेशन, म्हणजे दोन्ही लोबच्या टोकांमधला कोन, ११०. दोघांची सरासरी २६४, त्यातनं ११० ची दुप्पट (कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन) वजा केली की ४४ उरतात, म्हणजे क्रँक ४४ अंश फिरेपर्यंत दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे, यालाच ओव्हरलॅप म्हणतात. बिनटर्बोच्या गाडीत हे चालतं कारण बाहेर जाणारा धूर मागनं ताजी हवा ओढून घेतो. आपल्याकडे वाटेत टर्बोची टर्बाइन, म्हणजे धुराने फिरणारं चाक, बसलीय बुचासारखी, लहान टर्बोला वरच्या आरपीएमला टर्बाइनच्या आधीचं प्रेशर बूस्टच्या (टर्बो इंजिनात हवा दाबतो त्या प्रेशरच्या) दीडपट दुप्पट सहज होतं, मग धूर जाणार कुठे, जिकडे प्रेशर कमी तिकडे, म्हणजे उलटा इनटेकमध्ये. आणि खाली, बूस्ट यायच्या आधी, इनटेक व्हॉल्व उशिरा मिटतो म्हणून पिस्टन वर येताना भरलेली हवाच परत बाहेर ढकलतो. पिकअप गेला.

आता मी गाडी चालवतो कुठे? साखरपा सोडून चढ लागला की पुढे एसटी, मागे आंब्याचा टेम्पो, तिसरा गिअर, २००० ते ३५००. ही गाडी मी घेतलीच २२०० ला मिळणाऱ्या २०७ एनएमच्या ओढीसाठी. ६५०० ला जास्त दम मिळेल म्हणून खालचा घालवायचा हे मला कळत नाही. आणि मला जो खर्च सांगितला तो दीड लाखाच्या वर, स्प्रिंग आणि ट्यून धरून.

सावंतवाडी_बूस्ट
दादा अर्धं बरोबर आहे आणि अर्धं वहीतलं आहे. तू सगळ्यात वाईट कॅम निवडलास आणि मग म्हणतोस कॅम वाईट. २६४/११० हा टर्बोचा कॅमच नाही, तो बिनटर्बोच्या रॅलीवाल्यांचा. माझ्याकडे पण टी-जेट आहे, मी २४८ टाकलाय, सेपरेशन ११४, तुझ्याच हिशोबाने कर, २४८ वजा २२८, ओव्हरलॅप फक्त २०. दोन पावसाळे झाले. आयडल (पाय न देता इंजिन चालतं तो वेग) शंभरेक आरपीएमने वर न्यावी लागली, बूस्ट साधारण २०० आरपीएम उशिरा येतो हे कबूल, पण पूर्वी ५५०० ला जी गाडी बसायची ती आता ६५०० पर्यंत ओढते आणि आंबोली चढताना गिअर कमी बदलावे लागतात. रोज कुडाळला ऑफिसला जातो, बायको पण चालवते, तिने तर विचारलं सुद्धा नाही काय बदललं म्हणून.

डिझेलच_बरं
तुका खंय रेस लावची हा रे? डिझेल घे, ह्यो ताप नको 😄

पालीवाला_टीजेट
@डिझेलच_बरं काका तुमच्या गाडीला पण टर्बो आहे, फक्त कॅमचं नाव काढायची सोय नाही, पिस्टन आणि व्हॉल्वमध्ये जागाच नसते तिथे.

@सावंतवाडी_बूस्ट ठीक, २० ओव्हरलॅप बरा. पण ब्रेकचं काय? ओव्हरलॅप वाढला की इनटेक मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो, ब्रेक हलका करणारा बूस्टर त्यावरच चालतो, आणि आपण राहतो घाटांच्या देशात.

सावंतवाडी_बूस्ट
घाट उतरताना पाय अॅक्सिलरेटरवर असतो का तुझा? थ्रॉटल बंद, गाडी तिसऱ्यात, आरपीएम ३०००, तेव्हा व्हॅक्यूम भरपूर असतो, कुठलाही कॅम असू दे. व्हॅक्यूम कमी पडतो तो आयडलला. म्हणजे गणपतीत माणगावला दोन तास सरकत असशील तेव्हा, एसी चालू, दर दहा सेकंदाला ब्रेक. तिथे २६४ वाला रडेल, पेडल दगड होईल. माझं होत नाही.

कुडाळ_स्पॅनर
दोघंही कॅटलॉगच्या आकड्यावर भांडताय म्हणून मधे पडतो. २६४ आणि २४८ हे नेमके कुठे मोजले ते आधी सांगा. कोणी व्हॉल्व जेमतेम उचलला की मोजायला सुरू करतो, कोणी १ मिमी लिफ्टला, अमेरिकन लोक ०.०५० इंचाला म्हणजे १.२७ मिमीला. एकच कॅम, तिन्ही पद्धतीत तीस-चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. एकाचा २६४ दुसऱ्याच्या २३० पेक्षा सौम्य असू शकतो. आधी १ मिमीचा आकडा मागा, देत नसेल तर त्याच्याकडनं घेऊ नका, एवढं सोपं.

दुसरं, स्प्रिंगचा खर्च सगळे वाचवायला बघतात. ३० मिमीचा इनटेक व्हॉल्व घ्या, पाठीमागनं क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर, १ बार बूस्ट म्हणजे व्हॉल्वला उघडायच्या दिशेने सात किलोचा रेटा. कंपनीच्या स्प्रिंगने तेवढी ताकद तिथेच गमावली. वर लिफ्ट वाढवली, आरपीएम वाढवला, मग व्हॉल्व तरंगतो, म्हणजे वेळेवर मिटत नाही, आणि तुम्ही म्हणता इग्निशन मारतंय, कॉइल बदला.

आणि कोणीतरी स्वस्तात म्हणून जुनाच कॅम घासून आणायला सांगेल. घासला की बेस सर्कल लहान होतं, टॅपेट (लोब आणि व्हॉल्वमधला दट्ट्या) जास्त बाहेर येऊन काम करतो, आणि लोबवरचा कडक थर घासण्यात जातो. माझ्याकडे असा एक आलेला, चार महिन्यांत एक्झॉस्टचा लोब नखाला खाच लागेल इतका खाल्लेला.

आठ_व्हॉल्व
माझी पोलो १.२ टीएसआय. एकच कॅम, आठ व्हॉल्व, त्यामुळे सेपरेशन घासतानाच ठरलेलं, कॅम फिरवून दोन्ही बाजू एकदम पुढेमागे होतात, वेगळ्या नाही. दोन कॅमवाल्यांना निदान चुकीचं निवडायची मोकळीक आहे. मी फक्त इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) आणि मॅप केला, गप्प आहे.

पण पालीवाल्याला एक विचारायचं होतं. ओव्हरलॅप म्हणजे टर्बोला विष असं जे तू लिहिलंस ना, मग आजच्या टर्बो इंजिनमध्ये कंपन्या स्वतः कॅम फिरवून खालच्या आरपीएमला ओव्हरलॅप वाढवतात ते का? त्यांना वही मिळाली नाही?

पालीवाला_टीजेट
हा मुद्दा मी सोडला होता, मान्य.

कुडाळ_स्पॅनर
ते खरं आहे आणि त्यात एक अट आहे. खालच्या आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिला की काही वेळ इनटेकचं प्रेशर एक्झॉस्टपेक्षा जास्त असतं, तेव्हा दोन्ही व्हॉल्व उघडे ठेवले की ताजी हवा आरपार जाते, उरलेला धूर बाहेर लोटते आणि टर्बाइनला वेग देते, टर्बो लवकर जागा होतो. पण ते इंजिन पेट्रोल सिलिंडरच्या आत फवारतं, एक्झॉस्ट मिटल्यावर. म्हणजे आरपार जाते ती नुसती हवा. टी-जेट पोर्टमध्ये फवारते, तिथे आरपार पेट्रोल जातं, कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) पेटतं, आणि ऑक्सिजन सेन्सरला वाटतं गाडी कोरडी, म्हणजे कमी पेट्रोलवर, चाललीय, तो अजून पेट्रोल ओततो. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल, त्याला मुळातच इंधन जास्त लागतं. मॅप करणाऱ्याला हे सगळं सांगून करून घ्या नाहीतर नुसता खोकत बसाल. आणि कंपन्या गरज संपली की ओव्हरलॅप परत काढून घेतात. आपला कॅम एकदा बसला की बसला.

सावंतवाडी_बूस्ट
म्हणूनच २० वर थांबलो ना मी. ४४ कोणी सांगितलं होतं?

आणि माझी एक चूक सांगतो, हसू नका. कॅम जूनमध्ये आला, मी बॉक्स उघडला, तेलकट कागद काढून टेबलावर ठेवला, बघायला बरं वाटायचं. गॅरेजला वेळ मिळाला थेट गणपतीनंतर. तोपर्यंत समुद्राची हवा आणि पाऊस, दोन लोबवर तांबूस ठिपके, फणसाच्या पानावर पडतात तसले. पॉलिश करून घेतला पण छातीत धस्स झालं होतं. बॉक्स उघडायचाच असेल तर ग्रीस थापून ठेवा.

कुडाळ_स्पॅनर
त्या ठिपक्यांवर टॅपेट घासून दुसरं गाऱ्हाणं तयार झालं असतं. बरं बसवल्यावर रन-इन केलं होतंस का? पहिली वीस मिनिटं आयडलवर सोडायची नाही, २००० च्या वर ठेवायची, लोबला तेल उडून पोचलं पाहिजे. आपल्याकडे सुरू झाली की सगळे आवाज ऐकायला बोनेटवर वाकतात आणि आयडलवर घुमट वाजल्यासारखा आवाज ऐकत बसतात. तिथेच नवा लोब मरतो.

सावंतवाडी_बूस्ट
केलं होतं. शेजारी पोलीस बोलावणार होते.

रत्नदुर्ग_एलएलबी
कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. कॅम बाहेरनं दिसत नाही हे माहिती आहे, पण अपघातात विम्याचा सर्व्हेअर हेड उघडू शकतो. घाटातल्या लोकांनी विचार करावा.

पालीवाला_टीजेट
वकीलसाहेब रिमॅपचं पण तुम्ही आत्ताच आठवून दिलंत, रात्रीची झोप परत गेली.

असो. कुडाळच्या मेकॅनिकदादांनी फोनवर सांगितलं की भांडण्यापेक्षा मोज. म्हणून मागच्या रविवारी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टर्बाइनच्या आधी एक नट वेल्ड करून घेतला, त्यातनं तांब्याची नळी काढली, मीटरभर, पेनावर गुंडाळून स्प्रिंगसारखी केली म्हणजे गेजपर्यंत उष्णता पोचत नाही, आणि गेज डॅशबोर्डवर चिकटपट्टीने. मित्र शेजारी बसून वाचत होता. रस्ता पहाटे मोकळा असताना तिसऱ्यात पूर्ण थ्रॉटल. ३००० ला बूस्ट ०.९ बार, टर्बाइनआधी १.०. तिथपर्यंत सगळं छान. ५५०० ला बूस्ट पडून ०.८, टर्बाइनआधी १.७. दुपटीच्या वर. म्हणजे वर गाडी बसते ती कॅममुळे नाही, टर्बोच गळा दाबतोय. तिथे जास्त वेळ व्हॉल्व उघडा ठेवून उलटा धूरच आत घ्यायचा. माझं मत बदललेलं नाही, उलट पक्कं झालं. बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एवढंच करणार.

सावंतवाडी_बूस्ट
१.७ आलं कारण डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) अजून कंपनीचा आहे, कॅट पण जुनी असणार. माझा डाउनपाइप ३ इंची आहे. पाइप बदल, परत मोज, मग सांग गळा कोण दाबतोय. आणि तोपर्यंत तो बेल्ट बसवू नकोस, परत काढायला लागेल.

पालीवाला_टीजेट
बेल्ट बसवला काल.